द्राक्षरसाचा पेला

भुईगावातील ॲन्सेल्मच्या अंगणात मांडव माणसांनी फुलून गेला होता. त्याची एकुलती एक लेक एलिसा हिचे लग्न सकाळी चर्चमध्ये विधिपूर्वक पार पडले होते आणि आता केवळ वधूवरांच्या नावाने पेला उंचावण्याचा टोस्ट उरला होता. या घराण्याची रीत अशी की, वधूपित्याने उभे राहून पेला रिकामा केल्याखेरीज मांडवातील कोणीही ओठ ओले करीत नसे. ज्या पित्याने गेल्या पावसाळ्यापासून मद्याला स्पर्श केला नव्हता, त्याच्यापुढे आज तीच रीत डोंगरासारखी उभी ठाकली होती.

"डॅडी, एक थेंब जरी घेतलात, तर माझ्या नव्या घराची पायरी चढू नका," असे एलिसाने त्याला बजावले होते. ती रडली नव्हती, चिडलीही नव्हती. त्या शांतपणाचेच त्याला भय वाटत असे.

त्याची पत्नी मटिल्डा हिने यावर एक उपाय काढला होता. व्याह्यांना नवऱ्याच्या व्यसनाविषयी तिने अवाक्षरही कळू दिले नव्हते. काळी द्राक्षे उकळून, गाळून तो रस तिने नाताळच्या वाइनच्या जुन्या बाटलीत भरला, वर बूच दाबले आणि पतीच्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, नुसता रस आहे. बिनधास्त प्या. कोणाला कळतंय?"

तिने हे सारे प्रेमापोटी केले होते, आणि चूकही त्या प्रेमापोटीच झाली होती.

बूच निघाले. तो ओळखीचा आवाज कानी पडताच ॲन्सेल्मच्या तोंडाला पाणी सुटले, तळहात घामेजले. पेल्यात तांबडी धार पडू लागली. तो रस आहे, हे त्याला पुरते ठाऊक होते. तथापि छातीतील धडधड काही केल्या ऐकेना.

त्याला डॉक्टर मीरा आठवल्या. तुळिंजच्या दवाखान्यात त्यांनी त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून पडद्यावर चित्रे दाखविली होती. केळीची बाग आली, तेव्हा मेंदूच्या आलेखाची रेघ संथ राहिली. होडी आली, तेव्हाही संथच. बाटली आली मात्र, रेघ उसळून वर गेली.

"काका, दारू आवडणं वेगळं आणि हवीशी वाटणं वेगळं," त्या म्हणाल्या होत्या. "आवड मरते, तरी हाव उरते. खूण दिसली की ती आधी जागी होते, विचार मागाहून पोचतो."

"मग मी काय करायचं?"

"खुणेपासून दूर व्हायचं आणि कुणाला तरी तोंडानं सांगायचं. लाट ओसरते. लपवलीत, तर तीच तुम्हाला चालवते."

"आन्सू, उडव की लवकर!" पाचूबंदरचा त्याचा जुना पिण्याचा सोबती स्टॅनी ओरडला. "आमचा घसा सुकला रे! व्याह्याला घाबरतोस का?"

मांडवात हशा पिकला. त्या गोंधळात स्टॅनी जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "तुझ्या बायकोनं उकळलेला रस चाखलाय मी चुलीपाशी. असलं गोड पानी पोरांना पाज. मागच्या पडवीत ये, खरी ठेवलीय. वास आला तरी काय? सगळ्यांना वाटंल, टोस्टचीच आहे."

ॲन्सेल्मची दृष्टी खाली गेली आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्याने काहीही ठरविले नव्हते. तरी त्याचे उजवे पाऊल पडवीच्या दाराकडे वळलेले होते.

"बोला, व्याही!" नवरदेव जॅक्सनचे वडील युजीन यांनी माइक पुढे केला.

ॲन्सेल्मने तो घेतला. दुसऱ्या हातातील पेला त्याने सर्वांना दिसेल असा वर धरला.

"मंडळी, ह्यात रस आहे," तो म्हणाला. "मी दारुडा होतो. सोडलीय. पण आत्ता, ह्या घडीला, मला ती पाहिजे आहे. माझा पाय बघा. मागच्या दाराकडं निघालाय."

मटिल्डाने पदराने तोंड झाकले. स्टॅनी उगाच खुर्ची सारू लागला.

पांढरा झगा सावरीत एलिसा उठली. तिने बापाच्या हातातील पेला काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"झाली रीत," ती लोकांना म्हणाली. "प्या आता."

कोणीही प्यायले नाही. सर्वांच्या नजरा युजीनकडे लागल्या होत्या. त्यांनी बराच वेळ ॲन्सेल्मच्या पायाकडे पाहिले, मग शेजारची खुर्ची ओढली.

"पाय ऐकत नाही, तर उभे कशाला राहिलात? बसा इथं. आणि आतल्या बाजूला बसा, म्हणजे मला ओलांडून जावं लागेल."

कोणीतरी हसले, मग बँड सुरू झाला. ॲन्सेल्म बसला. हाव गेली नव्हती. ती घशाशी येऊन बसली होती. एलिसाने त्याचे मनगट धरले होते आणि ती टेबलाखाली पाहत होती. तो पाय सरळ होईपर्यंत ती नाचायला गेली नाही.