पेजेतली गोळी

माझा आजा इतका उंच होता, की भात झोडताना कपाळाला लागणारे ढग बाजूला सारायला त्याला एक गडी ठेवावा लागे, आणि तो गडी त्याच्याच खांद्यावर बसे.

ही गोष्ट माझ्या नातीने, स्नेहलने, दोनशे वेळा तरी ऐकली असेल. बाराव्या वर्षी ती सातच्या पोरीएवढी दिसायची. आईबाप द्राक्षांच्या कामाला पिंपळगावात, ती सुरगाण्याकडे माझ्याजवळ. तिला वनरक्षक व्हायचं होतं, आणि भरतीत आधी उंची मोजतात.

नाशिकच्या डॉक्टर संपदाबाईंनी कागदावर वाटाणा काढला. "बाबा, मेंदूखाली एवढीशी पिट्युटरी ग्रंथी असते. उंची वाढवणारं हार्मोन कसं करायचं, ते तिच्या पेशींत लिहिलेलं असतं. हिच्याही पेशींत ते आहे. पण ते वाचायला गळ्यातल्या थायरॉईडचा हुकूम लागतो, आणि हिचा थायरॉईड मुका आहे. ही गोळी तो हुकूम देईल. रोज सकाळी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. पुढे तासभर काही खायचं नाही."

सगळं पटलं. उपाशीपोटी तेवढं पटलं नाही. आमच्यात रिकाम्या पोटी औषध देत नाहीत, आतडी जळतात. मी गोळी चुरायचो आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, घट्ट पेजेत कालवायचो. आमच्या पेजेने खुंट्यालाही पालवी फुटते.

दर खेपेला बाई विचारत, "उपाशीपोटी देता ना?"

"देतो म्हंजे? आमचा कोंबडाच आता गोळीची वेळ बघून आरवतो!"

बाई हसत. मग रक्ताचा रिपोर्ट बघून हसू थांबे, आणि गोळीची ताकद वाढे. अशी चार वर्षं गेली. दाराच्या खांबावर मी कोयत्याने तिच्या उंचीच्या खुणा करायचो. त्या एकीवर एक बसत गेल्या.

या खेपेला बाईंनी तिच्या हाताचा एक्स-रे काढला. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"स्नेहल, तू सांग. गोळी कशी घेतेस?"

"पेजेत," ती म्हणाली. "आजा लय बारीक चुरतो. कडू लागत नाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाबा, नागलीत कॅल्शियम असतं. ते गोळीला पोटातच धरून ठेवतं. हुकूम वरपर्यंत पोचलाच नाही."

"उद्यापासून नीट देतो, बाई. पान्यासंगं."

"द्याच. तिला तरतरी येईल, अभ्यास सुचेल. पण हाडांची टोकं जुळली आहेत. उंची आता वाढायची नाही."

जन्मभर थापा मारल्या. तिथे मी नुसती गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

परतीच्या जीपमध्ये स्नेहल माझ्या शेजारी बसली. तिचे पाय खाली टेकत नव्हते. पेठच्या घाटात तिने विचारलं,

"आजा, तुझा आजा खरंच तेवढा उंच व्हता?"

तिला एवढीच एक थाप हवी होती. मला ते कळत होतं.

"नाय," मी म्हणालो. "माझ्यायेवढाच व्हता."

तिने मान डोलावली आणि पाय सीटवर ओढून घेतले. पुढे कधी तिने मला गोष्ट मागितली नाही.

गोळी ती आता स्वतः घेते. पाण्याबरोबर. मी पेजेचं भांडं घेऊन तासभर बाहेर बसतो.