उताणे बैल

मनतशाला धीर म्हणून नव्हताच. चहाला धड उकळी फुटू न देणारी ही पोर, आणि शिकून आली काय, तर इकत. आधी सुताला गाठी मारायच्या, मग ते रंगात बुडवायचं, मग गाठी सोडायच्या आणि त्यानंतर कुठे विणायचं. नक्षी कापडावर उतरेपर्यंत जीव टांगणीला.

पोचमपल्लीला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून ती हे शिकली आणि उदगीरला परतली ती हवेतच. घरात तिच्या अब्बांचा, म्हणजे निजामोद्दीन यांचा, चादरींचा माग धूळ खात पडला होता. त्या खोलीत त्यांना मोबाइलचं दुकान काढायचं होतं. पोरीनं हट्ट धरला तेव्हा त्यांनी अट घातली. पहिलं कापड साधलं तर माग राहील, फसलं तर उतरवायचा.

गिऱ्हाईक चालून आलं देवणीहून. व्यंकटीमामांना जनावरांच्या प्रदर्शनात मिरवायला त्यांच्या वळूसाठी झूल हवी होती, आणि झुलीवर त्याच्यासारखेच काळ्या तोंडाचे बैल. मनतशा हरखून गेली. तिनं ताणा, म्हणजे कापडाचं उभं सूत, मधोमध दुमडला आणि दोन्ही पदर एकत्र धरून गाठी मारल्या, म्हणजे निम्मे कष्ट वाचले. गाठी सुटल्यावर वरच्या पदरात बैल दिसले तशी ती घरभर नाचली. खालचा पदर उलगडून मागाच्या मागच्या रुळावर गुंडाळला गेला, तिकडे बघायला फुरसत कुणाला होती?

आडवं सूत घेऊन धोटा पळू लागला. पांढऱ्यावर पाय उमटले, पोट उमटलं, वशिंड उमटलं, कडा जराशा थरथरत्या, जसा इकतीचा बैल असावा तसाच. मनतशानं अख्खी गल्ली बोलावून दाखवला. आणि कापड मध्याच्या पुढे सरकलं तसा धोटा थबकला. आता आधी वशिंड येत होतं आणि पाय सगळ्यात शेवटी. दुमडलेल्या ताण्यानं आरसा दाखवला होता. अर्ध्या झुलीवर बैल उभे, अर्ध्या झुलीवर उताणे.

नवा ताणा भरायला वेळ नव्हता, प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं. अब्बांनी कापड पाहिलं, मागाच्या दोऱ्या चाचपल्या आणि तिला रागावलेसुद्धा नाहीत. त्याचंच तिला जास्त लागलं. सकाळी ते तिच्याबरोबर निघाले, माफी मागायला. जीपमध्ये मनतशा उदगीर ते देवणी घडी छातीशी धरून बसली होती.

मैदानावर हलगी कडाडत होती. वळूची शिंगं रंगवून झाली होती आणि मामा झुलीचीच वाट बघत होते. अब्बा घसा साफ करतात तोवर त्यांनी घडी ओढून घेतली, झटकली आणि वळूच्या पाठीवर टाकली. मनतशानं डोळे मिटून घेतले.

"पोरी, हिकडं ये की," मामा म्हणाले.

तिनं डोळे उघडले. झुलीचा मध्य वळूच्या कण्यावर बसला होता. या बाजूला बैल उभे, तोंडं पुढं. ती धावत दुसऱ्या बाजूला गेली. तिथंही बैल उभेच, पाय जमिनीकडं, तोंडं पुढं, वळूच्या बरोबरीनं चाललेले. ते उताणे होते कापड जमिनीवर पसरलं तेव्हा, आणि झूल काही सतरंजी नव्हे. तिनं ठरवल्याप्रमाणे सगळे बैल एका दिशेला उभे असते, तर आज पलीकडच्या बाजूला पाय आभाळाकडं गेले असते. मनतशाला हसू आवरेना आणि रडूही. वळू निघाला, माणसं दोन्ही अंगांनी वाकून झूल बघू लागली, एकजण तर हात लावून मामांचा ओरडा खाऊन गेला.

अब्बा वळूला फेरी घालून आले. एका फेरीनं मन भरलं नाही, म्हणून पुन्हा गेले. मग तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"अब्बा, माग?" तिनं हळूच विचारलं.

"दुसरा ताणा दुमडशील तवा मला हाक मार," ते म्हणाले. "एक टोक मी धरतो."