किल्ल्या वाजल्या की लपायचं

या, असे जवळ सरकून बसा. दारातल्यांनीही आत या, जागा पुष्कळ आहे. गोष्ट भीतीची आहे, पण घाबरू नका. देवाच्या दयेनं शेवटी सगळ्यांच्या जिवात जीव येतो.

एका घरात एक सून होती. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणं हा तिचा धंदा. दुसऱ्यांचे पुष्कळ बनवून दिले आणि मग एक स्वतःचा करायला घेतला. छोटासाच. एक साधं घर, खेळणारा त्यात अडकलेला आणि खोल्याखोल्यांतून एक 'ती' फिरतेय. तोंड दिसत नाही. नुसती पावलं ऐकू येतात, किल्ल्या वाजतात. चमचा पडला, फ्रिजचं दार कुरकुरलं, की ही तिथं हजर! श्वास रोखायचा, कपाटात शिरायचं आणि कसंबसं बाहेरचं दार गाठायचं.

आता 'ती' आणायची कुठून? सुनेनं लांब शोधलंच नाही. तिच्या सासूबाई रोज दुपारी घरभर फेरी मारायच्या. नळ, गॅसचं बटण, खिडकीची कडी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवी नवी असताना तो आवाज आला की सून हातातलं टाकून आपल्या खोलीत सटकायची. तिनं त्या फेरीचा आवाज गुपचूप मोबाइलवर टिपला आणि खेळात घातला. पुढे दुसरा आवाज बसवू म्हणाली, पण हा असा चपखल बसला की काढायला हात धजेना.

आणि मधल्या काळात दिवस बदलले. ती आजारी पडली तेव्हा सासूबाईंनी उशाशी बसून तिचं सगळं केलं. दोघींचं आत्ता कुठं सूत जुळलं होतं. अशात एका रविवारी भर दुपारी नवऱ्यानं पडदे ओढले, आईच्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाला, "आई, बघ तुझ्या सुनेनं काय केलंय!"

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, राहू द्या ना. त्यांना चक्कर येईल."

"मला? लिफ्ट बंद पडते तेव्हा जिन्यात धापा कोण टाकतं गं? मी का?" सासूबाईंनी बाह्या सरसावल्या.

खेळ सुरू झाला. पडद्यावर बोळातला अंधार आला. मग किल्ल्या वाजल्या. सासूबाईंचा हात जागीच थांबला. सून खाली मान घालून देवाचा धावा करायला लागली: सांभाळ रे बाबा, एवढं एक नातं सांभाळ.

"अगं," सासूबाई कुजबुजल्या, "ही तर माझी सासू!"

"क... कोण?"

"शू! हळू बोल, ऐकेल ती. आता नळ बघेल. मग खिडकी. मग मुद्दाम थांबेल, आपण हलतो का ते बघायला. याच जुडग्यानं मला दाराआड उभं केलं होतं बाई, तोंडात साखरेचा बकाणा घेऊन. चावलं तर आवाज, गिळलं तर ठसका!"

आणि बघता बघता बाई कपाटातून, पलंगाखालून, पहिल्याच दमात दाराबाहेर! हेडफोन काढून म्हणाल्या, "पण तिचा आवाज तुला कुठं मिळाला? तिला जाऊन जमाना झाला."

थाप मारता आली असती. पण सुनेच्यानं राहवेना. "आई, तो... तुमचाच आहे. चोरून टिपला."

सासूबाईंनी कमरेचा जुडगा हलवून बघितला, पुन्हा हलवला आणि जे हसत सुटल्या ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे मीही तश्शीच वाजते? आणि चोरून कशाला गं? सांगितलं असतंस तर जरा ठसक्यात चालले असते!"

सुनेनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. छातीवरचा धोंडा उतरला; ती रडत होती की हसत होती, ते नवऱ्याला काही कळेना.

मंडळी, एवढं करा. घरी गेल्यावर त्या जुन्या, गेलेल्या सासूची एकदा आठवण काढा. तीही कधी नवी होती, कुणाच्या तरी पावलांना भ्याली असेल. पण ते तिला विचारायचं राहूनच गेलं.