तांब्यातलं दुखणं

सभागृह गच्च भरलं होतं आणि कुणी साधं खोकतही नव्हतं. स्टेजवर माझी नऊ वर्षांची लेक हात पुढे करून उभी होती. महाराज तांब्यातून तिच्या बोटांवर पाणी ओतत होते, आणि खाली काचेच्या भांड्यात पडत होतं ते तपकिरी.

“बघा, दुखणं निघालं! डॉक्टर वर्षभर शोधत बसले, आम्ही मिनिटात काढलं!”

मग त्यांनी चिमूटभर पांढरी पूड टाकून ढवळलं. पाणी निवळशंख! टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं.

मी लाँड्री चालवतो. लेक रक्ताच्या मोठ्या आजारातून उठून सहा महिने झाले. ती जिथं होती, मुलांच्या त्या इस्पितळात सलाईन बेतानं सोडणारं यंत्र दोन खाटांना मिळून एक आहे. एका पोराला लावलं की दुसऱ्याची आई थेंबांवर डोळे लावून बसते. माझी बायको किती रात्री बसली! म्हणून एक यंत्र घेऊन द्यायचं ठरवलं आणि आम्ही दोघं वर्गणीसाठी दारोदार फिरायला लागलो. थकलो हो. त्याचसाठी ठेवलेल्या आजच्या कार्यक्रमाला गर्दी जमेल की नाही या धास्तीनं मेव्हण्यानं महाराजांना बोलावलं. “दाजी, तुम्ही फक्त गप्प बसा,” म्हणाला. बसलो.

लेक खाली आली आणि तिनं स्वतःची बोटं हुंगली.

“अप्पा, सुई टोचायच्या आधी पुसतात ना, ते औषध आहे हे.”

“असू दे गं.” हो, मी असंच म्हणालो. मदतीचा डबा भरत होता ना.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई उठली. इस्पितळात आमच्याच वॉर्डातली. कडेवर पोर, पोराच्या हाताला सुईची पट्टी.

“महाराज, मग याच्या सुया बंद करू का?”

“आजच बंद कर, बाई! आम्ही आहोत ना!”

मी उठलो, तर मेव्हण्यानं शर्ट धरला. “दाजी, गर्दी जाईल!”

“जाऊ दे रे.”

इस्पितळाच्या चादरी मीच धुतो. खळ दिलेल्या कापडावर आयोडीन सांडलं की ते काळंनिळं होतं, हे मला वेगळं सांगायला नको. माझा शर्टही कडक खळीचा. स्टेजवर चढलो, तांब्या उचलला आणि थोडं पाणी माझ्याच बाहीवर ओतलं. बाही शाईत बुडवल्यासारखी झाली.

“माझं दुखणं काळं कसं हो, महाराज?”

“तुझं पाप आहे ते!”

“पाप कसलं, खळ आहे. आणि तांब्यात आयोडीन.”

उरलेलं पाणी मी तिथल्याच दुसऱ्या रिकाम्या काचेच्या भांड्यात ओतलं, कुणाचं बोटही न लावता. तपकिरीच! बायको स्टेजवर आली, तिनं पर्समधून लेकीची सी व्हिटॅमिनची आंबट गोळी काढली, चुरडून त्यात टाकली. पाणी स्वच्छ.

“हीच यांची पूड,” ती म्हणाली. “माझी पोर औषधांनी बरी झाली. रडत, ओकत, पण औषधांनीच.”

महाराज मागच्या दारानं सटकले. पुढच्या दारानं गर्दीही गेली, दोघांनी तर दिलेले पैसे परत मागितले. मेव्हणा तोंड फिरवून खुर्च्या रचत बसला.

ती बाई मात्र जागची हलेना. “वाटलं, सुयांतून सुटेल एकदाचं पोर,” म्हणाली आणि रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. दमलेल्या माणसाला सोपं सांगितलं की पटतं. डबा भरत होता तोवर मलाही पटलंच होतं की. म्हणून हात जोडून सांगतो, चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी तांब्यात वाकून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोराचं औषध एक दिवसही चुकवू नका.

लेक त्या बाईपाशी गेली. “मावशी, मी उद्या येऊ? यंत्र दुसऱ्याला लागलेलं असलं, तर थेंब मी बघेन. तुम्ही थोडं झोपा.”