कोपरा कापलेला पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. आता 'आहे' म्हणावं की 'होतो' म्हणावं, इथूनच माझा घोळ सुरू होतो. माझ्या अंगावर 'रद्द' असा शिक्का आहे, माझा कोपरा कापलेला आहे, आणि तरीही दोनच महिन्यांपूर्वी मी विमानात बसून अमेरिकेला आलो. मेलेल्याला कुणी विमानात बसवतं का? तुम्हीच सांगा.

मी हरणाबाईंचा. आटपाडीच्या बाजूला मेंढरं राखणाऱ्यांची एक वाडी आहे, तिथल्या त्या. नवरा नानासो, मुलगा अमृत कुपवाडच्या कारखान्यात कामाला, आणि मुलगी स्वप्नाली शिकायला म्हणून अमेरिकेला गेली ती तिकडचीच झाली. जाताना तिनंच हट्ट धरून आईचा पासपोर्ट काढायला लावला. सन दोन हजार पंधराला मी पोस्टानं वाडीत आलो. सहीच्या जागी अंगठा होता, पण तोरा काय वर्णावा! आता उद्याच निघायचं, असं मला वाटलं.

कसलं निघतंय? तीन वर्षं मी कपाटात कोराच पडून राहिलो. मग मला कळलं, की मी म्हणजे आपल्या सरकारनं दिलेली नुसती ओळख. ज्याच्या घरी जायचं त्यानं 'या' म्हणायला हवं, आणि त्या 'या'ला व्हिसा म्हणतात. मुंबईला खेटे झाले, बोटांचे ठसे झाले, तेव्हा कुठे तो माझ्या नवव्या पानावर येऊन चिकटला. तो दहा वर्षांचा, आणि माझं आयुष्य सातच वर्षं उरलेलं. घरमालकापेक्षा भाडेकरूचा मुक्काम मोठा! हे कसं काय, ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्या साली हरणाबाई लेकीकडे दोन महिने राहून आल्या. परतल्यावर वाडीतल्या बायका मला बघायला यायच्या आणि पदराला हात पुसून मगच मला धरायच्या. पुढं कोरोना आला. स्वप्नालीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं आणि विमानं बंद, म्हणून आईला जाता आलं नाही. हरणाबाई फोन कानाला लावून नुसत्या बसून राहिल्या. ते त्यांच्या काळजातून कधी गेलं नाही.

माझी मुदत संपली, तेव्हा अमृतनं नव्या पासपोर्टचा अर्ज भरला. ऑफिसात अर्जदाराशिवाय कुणाला आत सोडत नव्हते, त्यामुळे हरणाबाई एकट्याच आत गेल्या. खिडकीतल्या मॅडमनी माझ्यावर शिक्का मारला, कात्री घेतली आणि कचकन माझा कोपरा उडवला. यात व्हिसा चालू आहे, जपून ठेवा, असं त्या म्हणाल्यासुद्धा. पण हरणाबाईंचं लक्ष कात्रीवर होतं. त्यांना पुढचं काही ऐकूच आलं नाही.

कारण आमच्याकडे पूर्वी मयताची बातमी पत्रानं यायची, तेव्हा त्या पत्राचा कोपरा फाडलेला असायचा. तो दिसला की वाचायच्या आधीच घरात रडं सुरू. वाचून झालं की पत्र फाडून टाकायचं, असला कागद घरात ठेवायचा नाही. हरणाबाईंना मला फाडवेना. "आत माझंच त्वांड हाय, फाडू कशी?" असं पुटपुटत त्यांनी मला उंबऱ्याबाहेर, मेंढरांच्या शेडमधल्या औषधाच्या डब्यात टाकलं. जंताच्या औषधाच्या वासानं माझा जीव घुसमटला.

वर्षभरानं स्वप्नालीला पुन्हा दिवस गेले. अमृतनं सांगलीहून आईचं तिकीट काढलं. दोन आठवडे राहिले असताना तिकिटं काढून देणाऱ्या वल्लरी मॅडमनी नवा पासपोर्ट चाळला आणि विचारलं, व्हिसा कुठाय? नवा सगळाच कोरा! व्हिसा जुन्यात आहे, दोन्ही सोबत न्यावे लागतील, आणि नवा व्हिसा काढायचा तर कित्येक महिने जातील, असं त्यांनी समजावून सांगितलं.

अमृत गाडी काढून तडक वाडीला आला. त्यानं कपाट उपसलं, ट्रंक उपसली, धान्याच्या कणग्यासुद्धा बघितल्या. हरणाबाई म्हणाल्या, मला ठावं न्हाई. दोन दिवस त्या तेच म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच रडत खरं सांगितलं. अमृत चिडला, आये, असलं काय बी नसतंय, म्हणाला. त्यावर त्या एवढंच बोलल्या, "मागल्या बारीला म्या असलं काय बी नेलं नव्हतं, तरी प्वार गेलं. आता ह्ये कापल्यालं घिऊन बाळंतिणीच्या दारात उभी ऱ्हाऊ?"

 हरणाबाई गेल्या नाहीत तर लेक पुन्हा एकटी, आणि गेल्या तर मला घेऊन! मीही डब्यात गोंधळलो. मी शुभ की अशुभ, हे माझ्या कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासो नव्या कोकरांच्या कानांना खुणा करत होते. हरणाबाईंनी कोकरू धरायचं आणि नानासोंनी कानाचा कोपरा कातरायचा, हे काम दोघांनी शेकडो वेळा केलेलं. तिसरं कोकरू मांडीवर असताना हरणाबाई थांबल्या.

"आवं, कान कापला म्हून कोकरू मरतं का वं?"

"मरंल कशानं? खूण हाय ती. कुठल्या बी कळपात मिसळलं तरी आपलं म्हणून वळकाय येतं."

हरणाबाईंनी कोकरू खाली सोडलं, हात धुतले आणि डबा उघडला. माझ्या कापलेल्या कोपऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग त्यांनी मला नव्या पासपोर्टाला रबर लावून बांधलं. विमानतळावरच्या साहेबांनी मला उघडलं, वासानं नाक मुरडलं, नववं पान बघितलं आणि हरणाबाईंना सोडलं.

नात झाली. दोघी सुखरूप आहेत. परवा स्वप्नालीनं बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून पासपोर्टसाठी फोटो काढला. हिला घेऊन वाडीला कवा येताय, असं हरणाबाईंनी विचारलं. ती इथं जन्मली, तिचा पासपोर्ट इथला, आपल्याकडे यायला तिला व्हिसा लागेल, असं स्वप्नाली म्हणाली.

"आजाच्या घरला यायला?" हरणाबाईंनी विचारलं. स्वप्नालीनं बाळाला चादरीत गुंडाळून आईच्या मांडीवर दिलं.

मित्रांनो, एवढंच सांगतो, आमच्यासारखे जुने कागद टाकण्याआधी एकेक पान उलटून बघत जा. आणि नव्या पासपोर्टांची, व्हिसांची कामं लांबणीवर टाकू नका. वाडीत नानासो नातीची वाट बघतायत, आणि इकडे यायला त्यांच्याकडे पासपोर्टच नाही.