म्हाताऱ्यामागचा हॉर्न

अमरावतीत मला सगळ्यात जास्त किळस कशाची येत असेल, तर हॉर्नची. म्हणून ड्रायव्हरांना जर्मन शिकवताना 'हॉर्न' आला, तेव्हा मी फळ्यावर 'हूपे' लिहिलं आणि म्हणाले, "पाठ करा नि विसरून जा. तिकडे हा लागत नाही."

कुलदीप काहीच विसरत नसे. मोर्शीच्या शाळेची बस सोडून तो आमच्या बडनेरा रोडच्या क्लासला आला होता. जर्मनीत बस चालवायची, दुसरं काही त्याला नको होतं. क्लासचे मालक उत्तमराव त्याला 'आपला हुकमी एक्का' म्हणत, आणि तेव्हा मला अंगावर पाल पडल्यासारखं होई.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. पलीकडच्या जर्मन बाईंनी चित्र दाखवलं. अरुंद रस्ता, मधोमध काठी टेकत चाललेला पाठमोरा म्हातारा. तुम्ही मागून बस घेऊन येताय, काय कराल?

"हूपे," कुलदीप म्हणाला. उच्चार अगदी स्वच्छ.

थांबणार नाही का, बाईंनी विचारलं. थांबेन, पण आधी हूपे. बाईंनी नाक मुरडलं आणि काहीतरी लिहून घेतलं. निवड झाली नाही.

"असं कसं बोललास रे?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"मॅडम, बुढा मानूस आहे. मांगून गुपचूप गाडी आली तं दचकते ना तो. त्याले सांगा नाही लागत का, बाबा, मी येऊन राहिलो म्हणून?"

आपल्याकडची ही अदब त्या बाईंना कोण समजावणार? मला त्यांचाही राग आला, कुलदीपचाही.

त्याच आठवड्यात बहिणीकडे मोर्शीला गेले, तर चौकात हा मोठा फ्लेक्स. टाय घातलेला कुलदीप, मागे जर्मनीचा झेंडा, 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि कोपऱ्यात हात जोडलेले उत्तमराव. मी तिथूनच त्यांना फोन लावला.

"राहू द्या ना मॅडम," ते म्हणाले. "तो पाहूनच पोरं नाव टाकाले येऊन राहिले."

शिसारी आली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ते हेच. फोन ठेवला तर पानटपरीशी कुलदीप उभा होता. येणारा-जाणारा त्याचा हात हातात घेत होता आणि तो मुकाट्याने देत होता.

"उतरव तो फ्लेक्स," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"कसा उतरवू, मॅडम?" तो म्हणाला. "माय सकाऊनपासून घरोघरी पेढे वाटून राहिली."