नायडूसरांचा जबाब

सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून एक सूतगिरणी होती आणि तिची स्वतःची हॉकीची टीम होती, असं आज कुणाला सांगितलं तर तो हसेल. हसू द्या. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी शेअर घेऊन उभी केलेली ती गिरणी. तिच्या पहिल्या संचालकांपैकी एक, नाना, पोलिसातून रिटायर झालेले आणि हॉकीचे ठार वेडे. त्यांनी हट्टाने टीम काढली, खेळाडूंना गिरणीत चिकटवलं. कामाला नावापुरते आणि पगार खेळण्याचा, असा सगळा थाट. पुढे नाना गेले, टीम मात्र राहिली.

आता गिरणी शेतकऱ्यांची म्हटल्यावर टीमही त्यांचीच. मालकाला विचारायचा हक्क नको? त्यामुळे एक रीत पडली होती. मॅच झाली की पुढच्या बाजाराच्या दिवशी कोचने सोनगीरच्या बाजारात ओट्यावर उभं राहायचं, मॅच कशी झाली, का जिंकलो, का हरलो ते सांगायचं आणि लोक विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. याला सगळे ‘जबाब’ म्हणत. जबाब द्यायचा तो अहिराणीत. हिलाल मास्तरांनी चौदा वर्षं असा फक्कड जबाब दिला, की काही लोक मॅच चुकवत पण जबाब चुकवत नसत. मास्तर डोळ्यांनी अधू झाले तेव्हा संचालकांनी पुण्याच्या खडकीहून नवा कोच आणला. ते हे सेल्वराज नायडू.

अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर नायडूसर एक ट्रंक आणि सात स्टिका घेऊन धुळ्याच्या स्टँडवर उतरले. चाळिशीचा, काळासावळा, काटक माणूस. घरची भाषा तामीळ, मैदानावरची हिंदी, आणि मराठी भाजी आणण्यापुरती. आपल्याला भाषांची काही अडचण येणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

चेअरमन झुलाल आबांनी पहिल्याच दिवशी त्यांचा फुगा फोडला.

“सर, आम्हाले मराठी समजस, हिंदीबी समजस,” आबा म्हणाले. “पन जबाब आमनी भाषामा जोयजे. आखाजीपावत शिकी ल्या. नही जमनं तं करार संपना. रामराम.”

सरांना त्यातलं ‘रामराम’ तेवढं कळलं. बाकीचं शकीलने सांगितलं: जबाब अहिराणीतच हवा, आखाजीपर्यंत म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत शिका, नाहीतर करार संपला. शकील म्हणजे टीमचा गोलकीपर, धुळ्याचा, आधी त्याचं घराणं लुगडी विणायचं. सर शिकेपर्यंत त्यांच्या वतीने ओट्यावर बोलायचं काम त्याच्याकडे आलं.

सरांच्या जेवणाची सोय कमलबाईंकडे लागली. कमलबाई विधवा, पन्नाशी ओलांडलेल्या. घराच्या पडवीत गिरणीची पाच-सहा माणसं जेवत. त्यांचा मुलगा भिकन टीमचा लेफ्ट-आउट. पोरगा बॉल घेऊन पळाला की समोरच्यांची पळता भुई थोडी. कमलबाईंना सगळे अक्का म्हणत, आणि एवढा एक शब्द सरांच्या घरच्या तामिळातलाच निघाला. सर त्यांना ‘अक्का’ म्हणत तेव्हा तो शब्द शिकल्यासारखा वाटत नसे.

डिसेंबरात जळगावला मॅच झाली. आदल्या दिवशी भिकनने पँट वर करून सरांना गुडघा दाखवला. तो कवठाएवढा सुजलेला होता. सरांनी पाहिला, दाबला. त्यांना वाटलं, पहिलीच मोठी मॅच, हा नसेल तर आपण मार खाणार. “थोडा बर्फ लावू, खेळशील ना?” असं त्यांनी विचारलं. सरांनी विचारल्यावर भिकन नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये मोकळा गोल समोर असताना त्याचा पाय लचकला आणि तो तोंडावर आपटला. एक विरुद्ध दोन, अशी हार झाली. भिकनला उचलून ट्रकमध्ये घातलं.

परतताना सरांनी शकीलला जबाब समजावून दिला. माणूस सरळ होता. “बोल देना, गुडघा मुझे मालूम था. फिर भी खिलाया. गलती मेरी है, लडके की नही.”

शकीलने मान हलवली. पण ओट्यावर उभा राहिला आणि त्याची जीभ अडखळली. उस्ताद चुकला, हे भर बाजारात, उस्ताद शेजारी उभा असताना, चेल्याने कसं बोलायचं? त्याच्या घरात ते कुणी केलं नव्हतं. त्याने मॅच नीट सांगितली, भिकनच्या गुडघ्यापर्यंत आला आणि सरांचं वाक्य गिळून टाकलं. तेवढ्यात पुना कांदेवाल्याने नको तो प्रश्न टाकला.

“सरले माहीत व्हतं का गुडघानं?”

“नही,” शकील म्हणाला.

आणि नायडूसर, काही न कळता, शेजारी उभे राहून मान डोलवत होते.

झालं. भिकनने दुखणं लपवलं आणि मॅच घालवली, असं गावात ठरून गेलं. आखाजीनंतर त्याचं नाव टीममधून काढायचं, असं कमिटीत बोललं जाऊ लागलं. भिकनने बाहेर तोंड उघडलं नाही. सर म्हणाले तर म्हणाले, सरांना खोटं कसं पाडायचं? शकीलही गप्प बसला. सगळे एकमेकांचा मान राखत बसले आणि त्या मानाखाली एक पोरगा चिरडला जात होता. सरांना वाटत होतं, पाय बरा होईपर्यंत पोरगा घरी आहे, खट्टू आहे, इतकंच.

सर मात्र अहिराणी शिकायला लागले ते अगदी पेटून. जेवायला बसलं की ताटातल्या एकेका पदार्थाकडे बोट दाखवून विचारायचे. मैदानावर खेळाडू एकमेकांना शिव्या द्यायचे, त्या ते वहीत लिहून घ्यायचे आणि अर्थ शकीलला विचारायचे. तो बिचारा लाजून लाल व्हायचा. कमलबाई पूर्वी चार गोष्टी बोलायच्या, त्या आता विचारल्याचं उत्तर तेवढं देत. पण ताटात कधी उणं पडलं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर तव्यावरून थेट ताटात, वर तेलाची धार आणि ठेचा. सरांना हे बोलणं कमी झाल्याचं जाणवायचं, पण भाकर इतकी गरम असायची की माणसाला राग असेल असं वाटायचं नाही.

मार्चमधली दुपार. सर पडवीत एकटेच जेवत होते. आत चुलीपाशी कमलबाई आणि शेजारच्या बेबाबाई बोलत होत्या. सरांना काही कळत नाही हे गृहीत धरून मोठ्यानेच बोलत होत्या.

“अक्का, ज्यानी तुन्हा पोऱ्यानं नाव खराब करं, त्यालेच ताजी भाकर वाढस तू,” बेबाबाई म्हणाल्या.

“भुक्या मानूसले काय शिई वाढू?” कमलबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “पन एक सांगू? भिकन माले म्हनस, माय, मी सरले गुडघा दखाडेल व्हता. आनि सर म्हनतस, माले माहीत नव्हतं. आते मी कोनले खरं मानू? तीन महिना व्हई गयात, माले झोप नही. मन्हा पोऱ्या मन्हासंगे खोटं बोलस का, हाऊच इचार.”

सरांच्या हातातला घास हातातच राहिला. अहिराणीतलं इतकं लांब बोलणं त्यांना पहिल्यांदाच अख्खं समजलं होतं, एक शब्दही न अडता. आणि समजलं ते हे. तीन महिने ही बाई आपल्याला खोटारडा समजत असेल, नाहीतर स्वतःच्या मुलाला. आणि रोज दोन वेळा आपल्याला पोटभर वाढते आहे. त्यांनी ताटातली भाकर शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली. टाकून उठायची त्यांची हिंमत झाली नाही.

तडक ते शकीलकडे गेले. शकीलने सगळं कबूल केलं आणि ढसाढसा रडला. “मैं बोल दूंगा, उस्ताद. ओट्यावर मीच सांगतो.”

“नको,” सर म्हणाले. “मान मी हलवली होती.”

झुलाल आबांना त्यांनी आधी जाऊन सांगितलं. आबांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, “सर, इचार करा. तुम्हाले ठेवाना बाबतमा कमिटी आधीच दोन तोंडनी शे. सुजेल पायवर पोऱ्याले खेयाडं, हाई तुम्हीच सांगं तं मी तुम्हाले वाचाडू शकत नही.” सरांना खडकीचं भाड्याचं घर आठवलं, बायको आणि दोन मुली आठवल्या. तिकडे दुसरी नोकरी वाट बघत नव्हती. त्यांनी आबांना नमस्कार केला आणि सांगितलं, मंगळवारी बाजारात येतो.

त्या मंगळवारी मॅचचा जबाब नव्हताच, कारण मॅच झाली नव्हती. तरी सर ओट्यावर चढले तसे लोक गोळा झाले. शकील खाली उभा. मिरच्यांच्या ढिगाशेजारी पिशवी घेऊन कमलबाई. घरातून बाहेर न पडणारा भिकनही मागे कुठेतरी होता.

“आयका,” सर म्हणाले. आवाज मैदानावर जाईल इतका मोठा होता. “जळगावनी मॅचमा भिकननी चूक नही व्हती. त्याना गुडघा सुजेल व्हता. त्यानी माले दखाडा. माले माहीत व्हतं. तरी मी त्याले मैदानमा उतारं. माले जिकानं व्हतं. चूक मन्ही शे. बठ्ठी मन्ही.”



“मंग तीन महिना काबर बोलना नहीत?” पुना कांदेवाल्याने विचारलं.

“माले तुमनं बोलनं समजे नही,” सर म्हणाले. “मी नुसती मान हालाडू.” शकीलचं नाव त्यांनी घेतलं नाही.

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग बांध फुटला. पण हसण्याचा नव्हे. लोकांनी सरांना असं फैलावर घेतलं की विचारू नका. लाज नही वाटनी? पोऱ्याना पाय गया असता तं? निंबा पाटलाने तर पेनल्टी कॉर्नर कुणी मारायला हवा होता इथपासून उकरून काढलं. कुणी सावकाश बोललं नाही, कुणी मराठीत बोललं नाही. सर एकेकाला उत्तर देत राहिले, चुकत, घाम पुसत. शब्दांचा मारच बसत होता, पण तो सरळ त्यांना बसत होता, मध्ये कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गेल्या चार महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवटी झुलाल आबांनी हात वर केला. “बोला मंग. सरले ठेवानं का काढानं?”

मिरच्यांच्या बाजूने कमलबाई पुढे आल्या. बाया सहसा ओट्यासमोर येत नसत. माणसांनी वाट दिली. त्या आधी सरांकडे वळल्याच नाहीत. बाजाराकडे तोंड करून, डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी विचारलं,

“आयकं ना बठ्ठास्नी? मन्हा पोऱ्या खोटा नही.”

 बऱ्याच माना खाली गेल्या. मग त्या सरांकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज चिडलेला होता.

“आनि तू कोठे जास आते? त्याना पाय अजून लंगडस. पहिले त्याले धड कर, पहिलासारखा पळता कर. मंग खुशाल जाय.”

झुलाल आबांनी मग पुन्हा कुणाला विचारलं नाही.

नायडूसरांना काहीतरी मोठं, नीट बोलायचं होतं. तुम्ही मला या तीन महिन्यांतही खाऊ घातलंत, मला सांभाळलंत, हे सांगायचं होतं. शिकलेले सगळे शब्द ऐनवेळी पळाले. ते ओट्यावरून खाली उतरले, वाकून त्यांनी कमलबाईंच्या पायांना हात लावला आणि “हां अक्का,” एवढंच म्हणाले. मग गर्दीतून लंगडत पुढे येणाऱ्या भिकनला खांद्याचा आधार द्यायला ते गेले.